कड़ी शिक्षा दी जाएगी

ते प्रकरण माझ्या मनातून अजून गेलेले नाही. खून नव्हता, दरोडा नव्हता. अकरा दगड होते आणि एक कागद. नोकरीत याहून मोठी प्रकरणे मी उघडकीस आणली, त्यांची प्रशस्तिपत्रे भिंतीवर आहेत. पण निवृत्तीनंतर सकाळी एकटा चहा पीत बसलो की आठवण येते ती याच प्रकरणाची.

महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेला मध्य प्रदेशातला पांढुर्णा नवा जिल्हा होऊन फार दिवस झाले नव्हते. मी सौंसर भागातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो आणि निवृत्तीला वर्षभर उरले होते. त्या हिवाळ्यात आमच्याकडे बोलायला एकच विषय होता, तो म्हणजे मोठा पार्क येणार. कोणाचा पार्क, केव्हा येणार, कोणाला ठाऊक नव्हते. पण आभाळाला टेकणारे पाळणे असतील आणि नागपूरचे लोक गाड्या भरभरून येतील, एवढे सगळ्यांना पक्के माहीत होते. बोरगाववाले म्हणत, कारखाने आमच्याकडे, तर पार्कही आमच्याकडेच. रामाकोन्याचे लोक विचारत, कारखान्याच्या भोंग्याखाली पाळण्यात बसायला कोण येणार? आणि पांढुर्ण्यातला माणूस भेटला की तो दोघांनाही ऐकवी, रेल्वे आमच्या गावात थांबते, तुमच्याकडे पब्लिक काय बैलबंडीनं येईल? एक पक्ष म्हणे पार्क आमच्या नेत्याने आणला. दुसरा म्हणे आमच्या नेत्याने कधीचाच आणला होता, फाइल यांनी दाबली. दलालांच्या गाड्या रोज धुरळा उडवत फिरत.

आमच्या ठाण्यातला हवालदार एकदा रोजनामचा लिहिता लिहिता म्हणाला, "साहेब, माही पोरगी नागपूरले नोकरी करून राह्यली, खोली करून. इथं तिकिटा फाडाचं काम भेटलं तरी चालन. रोज घरचं जेवन तं जेवन." माझीही मुलगी हैदराबादला होती, अजूनही आहे.

तर अशा हवेत एका सकाळी कोटवार आला. कोटवार म्हणजे गावचा चौकीदार. आमच्याकडे पोलिसांना गावाची खरी खबर तोच देतो. तो रामाकोन्याच्या बाजूच्या एका खेड्याचा होता. आल्याबरोबर पाणी मागितले आणि सांगू लागला, "साहेब, आमच्याकडं पार्कचे गोटे गाडले. चुना मारून. नोटीसबी लागली. पटवाऱ्याले पुसलं तं तो मलेच पुसते, कोनं गाडले म्हणून."

त्याच दुपारपर्यंत त्या गावात पेढे वाटून झाले होते आणि बोरगावकडच्या पुढाऱ्यांनी तहसीलवर निवेदन देऊन चक्का जामची धमकीही दिली होती. संध्याकाळी तहसीलदारांचे पत्र आले. असा कोणताही सर्वे झालेला नाही, नोटीस बनावट आहे, चौकशी करून अहवाल पाठवावा.

मी जागेवर गेलो. रस्त्यालगत संत्र्याचा एक बगीचा होता, तीनशे-साडेतीनशे झाडांचा. त्याच्या कडेने अकरा दगड आणि फाटकाजवळच्या निंबाला प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठोकलेला कागद. हाताने, ठळक अक्षरात, हिंदीत लिहिलेला: "सूचना. यह जमीन पार्क के सर्वे में है. इसकी खरीदी-बिक्री बंद है. पत्थर हटाने वाले को कड़ी शिक्षा दी जाएगी. आदेशानुसार." खाली सही नाही, शिक्का नाही. पण आमच्या लोकांना "आदेशानुसार" एवढे पुरते.

पहिला संशय ज्याच्यावर यायचा त्याच्यावरच आला. पेढे वाटणारा कार्यकर्ता चौकात भाषण करून मोकळा झाला होता की हे दगड आमच्या प्रयत्नांचे फळ आहे. त्याला बोलावले, बसवले, चहा दिला आणि सांगितले की तुझेच शब्द बयानात घेतो, खाली सही कर. त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, "साहेब, म्या श्रेय घेतलं. गोटे नाई घेतले." तासभर उलटसुलट विचारले, पण तो खरेच बोलत होता. श्रेय घेणारा माणूस सहसा काम केलेला नसतो, हे मी नोकरीत पुष्कळदा पाहिले आहे.

दुसऱ्या दिवशी कागद ठाण्याचे लेखी काम पाहणाऱ्या मुंशीच्या टेबलावर ठेवला, जप्तीत नोंद करायला. आमचा मुंशी रीवाकडचा, मराठी त्याला येत नाही. कागद वाचून तो हसायला लागला. मी विचारले, काय झाले? म्हणाला, "सर, पत्थर हटाने वाले को कड़ी शिक्षा देंगे. मतलब पकड़कर पढ़ाएँगे क्या?"

खरे सांगायचे तर मी खजील झालो. तो कागद मी चारदा वाचला होता. माझे वडील जिनिंगमध्ये रुईच्या गाठी उचलत. आमच्या घराण्यात बी.ए. झालेला मी पहिला माणूस, आणि मराठी-हिंदी दोन्ही भाषा चोख येतात याचा मला फार अभिमान. तरी ते माझ्या नजरेतून सुटले. हिंदीत शिक्षा म्हणजे शिकवणे. गुन्हेगाराला देतात तो दंड. मी आयुष्यभर शेकडो चालानांत, म्हणजे आरोपपत्रांत, "दंड" लिहिला, पण डोके घरातल्या भाषेत वाचत होते आणि त्या भाषेत शिक्षा म्हणजे शिक्षाच. इथल्या शाळेत शिकलेला माणूस मराठी असला तरी शिक्षा विभाग, शिक्षा अधिकारी हे शब्द ऐकतच मोठा होतो. म्हणजे लिहिणारा सीमेपलीकडच्या मराठी शाळेत शिकलेला. मग अक्षरेही दिसली. ल आणि श मराठी वळणाचे होते.

कोटवाराला विचारले, गावात महाराष्ट्रातून आलेले कोण कोण आहे? तो म्हणाला, "साहेब, अर्ध्या गावाच्या बायका तिकडूनच आनल्या. कोनाकोनाले धरता?"

म्हणून मी परत दगडांकडे गेलो. दोन दिवस सगळ्या गावाने कागद वाचला होता, पण दगडांची रांग कोणी नीट पाहिली नव्हती. एवढ्या मोठ्या पार्कचा सर्वे एका शेतकऱ्याच्या धुऱ्यावरून चारही बाजूंनी वळत नसतो. ते अकरा दगड त्या एका बगिच्याच्या बांधावर होते, शेजारच्या वावरात एकही नाही. आणि चुना पांढरा नव्हता, निळसर होता. संत्र्याच्या बुंध्यांना कीड लागू नये म्हणून आमच्याकडे चुन्यात मोरचूद कालवून लावतात, त्याचा रंग तसा येतो. मी झाडांजवळ गेलो. बुंधे त्याच रंगाने रंगवलेले होते. दगड आणि झाडे एकाच बादलीतून रंगली होती.

बगिच्याच्या मालकीणबाई विधवा होत्या, वय साठीच्या आसपास. घरी त्या एकट्या, आणि एक म्हातारा गडी, त्याला अक्षरओळख नाही. मी महिला आरक्षकाला, म्हणजे महिला शिपायाला, घेऊन दुपारी गेलो. त्या अंगणात तोडीची संत्री निवडत बसल्या होत्या, चांगली एकीकडे, डागी एकीकडे. चौकशीत पहिला प्रश्न गुन्ह्याचा विचारायचा नाही, असा माझा नेम होता. मी विचारले, काकू, माहेर कुठले?

"वरूडकडचं जी. पस्तीस वर्षं झाले इथं येऊन."

शिकल्या किती, विचारले. म्हणाल्या, "दहावी. मराठी शाळेत. पह्यल्या नंबरानं पास होत होती मी."

"मास्तर कडक होते?"

"लय. पाढे चुकले का उन्हात उभं करत."

"त्याले काय म्हनत तुमी?"

"काय म्हनाचं? शिक्षा."

मी खिशातून कागदाची नक्कल काढून संत्र्यांच्या ढिगाशेजारी ठेवली. त्यांनी पाहिले आणि निवडणे चालूच ठेवले. पण आता डागी फळे चांगल्यात पडत होती. मी सांगितले, काकू, इकडे सरकारी भाषेत शिक्षा म्हणजे शिकवणं. तुम्ही लिहिले की गोटे हटवणाऱ्याला कडक शिकवू. त्यांनी पदर तोंडाला लावला. "म्हंजे म्या शाळाच उघडली म्हना," म्हणाल्या. महिला आरक्षकही हसली. मग त्यांनी स्वतःहून सगळे सांगितले.

मुलगा एकच, पुण्याला कंपनीत. वडील गेले तेव्हा आला, तेरवी करून गेला, त्यानंतर चार वर्षांत फक्त फोन. मुलगा वाईट नव्हता. रोज फोन करी, औषधांची चौकशी करी. पार्कची बातमी त्याच्या कानावर गेली आणि त्याने पुण्यातूनच गिऱ्हाईक ठरवले. त्याचे म्हणणे, आई, पार्कची हवा आहे तोवर विकून टाकू, हवा गेली की कुत्रं विचारणार नाही; मग तू माझ्याकडे ये. व्यवहार म्हणून त्याचे चूक नव्हते. रजिस्ट्रीसाठी दोन दिवस तो येणार होता, तिकीट काढले होते.

"म्या त्याले नाई म्हटलं नाई," त्या म्हणाल्या. "म्हटलं असतं तं फोनबी कमी झाला असता."

म्हणून त्यांनी तोंडाने नाही न म्हणता कागदाने म्हटले. घमेल्यात एकेक दगड घेऊन चार दिवस दुपारी, गडी जेवून झोपला की, त्या बांधावर जात राहिल्या. त्यांचा हिशेब बरोबर निघाला. नोटीस पाहून गिऱ्हाइकाची गाडी परत आली नाही. बगीचा वाचला. आणि त्याच दिवशी मुलाचा फोन आला: सौदा फसला, तिकीट रद्द केलं, आता येऊन काय करू.

हे सांगताना त्या रडल्या नाहीत. माझ्याकडे पाहून सरळ विचारले, "तुमी कागद काढसान तं गिऱ्हाईक येईन, मंग तोबी येईन. कागद राहू देसान तं बगीचा राहीन, तो नाई येनार. साहेब, मले कोनतं पाहिजे ते मलेच नाई समजून राह्यलं."

कागद राहणे तर शक्यच नव्हते. सरकारी नोटिशीची नक्कल करणे हा गुन्हा आहे आणि लावायचे म्हटले तर कलमे लावता आली असती. मी वरिष्ठ साहेबांशी बोललो. शिक्का नाही, सही नाही, कोणाला लुबाडलेले नाही. त्यांनी विचार केला आणि म्हणाले, समज देऊन मिटवा, पण कागदपत्र पूर्ण करा.

ते "पूर्ण करा" मी धरून ठेवले. जमीन आई आणि मुलगा दोघांच्या नावावर होती. मी मुलाच्या नावे नोटीस काढली, खरी, शिक्क्याची, की सहखातेदार म्हणून बयानासाठी शुक्रवारी ठाण्यात हजर राहावे. फोनवर विचारून चार ओळी लिहिल्या असत्या तरी काम भागले असते. हे मी नोकरीत असताना कोणाला सांगितले नाही.

शुक्रवारी तो आला. सडसडीत, चष्मेवाला, घाबरलेला. मी त्याला सांगितले, मुंशी कोर्टात गेला आहे, सोमवारी या. मुंशी मागच्या खोलीत जेवत होता.

सोमवारी तो आला तेव्हा शर्टाच्या बाहीला निळसर चुना लागला होता. शनिवारी माय-लेकाने मिळून दगड उपटले, हे कोटवाराने मला आधीच सांगितले होते. रविवारी दोघे दिवसभर बगिच्यात होते, गड्याला सुट्टी दिली होती. बयान झाले. सही करताना तो थांबला. "सर, खरं सांगा, माझ्या बयानाची गरज होती का?"

मी म्हणालो, थोडीशी.

त्याने सही केली. मग म्हणाला, "आई घरात केवढ्या मोठ्यानं बोलते, मी विसरूनच गेलो होतो. फोनवर हळूच बोलते ती." आणि संध्याकाळच्या गाडीने गेला.

पार्क काही आला नाही. तो दुसऱ्या तालुक्यात जाणार असे ऐकू येऊ लागले, मग तेही थांबले. दलालांच्या गाड्या दिसेनाशा झाल्या. बगिच्याला गिऱ्हाईकच उरले नाही, त्यामुळे विकायचे की नाही हा प्रश्न कोणी न सोडवता मिटला.

दीड-दोन महिन्यांनी काकू ठाण्यात आल्या. मी त्यांना खुर्ची दिली. इकडचे तिकडचे बोलणे झाले. मुलगा बरा आहे, फोन येतो. उठताना त्यांनी दाराशी थांबून विचारले, "साहेब, त्याचं अजून एखांदं बयान लागन का?"

मी सांगितले, नाही काकू, प्रकरण बंद झाले. त्या "बरं जी" म्हणाल्या आणि गेल्या.

या प्रकरणाने मला काय शिकवले, असे कोणी विचारले तर गुन्ह्याबद्दल फारसे काही नाही. माणूस दगड का गाडतो हे शोधताना आम्ही त्यात फायदा कोणाचा, एवढेच पाहतो. वाट पाहणे हेही कारण असू शकते, हे आम्हाला कोणत्याही ट्रेनिंगमध्ये शिकवले नव्हते. आणि दुसरे म्हणजे, नोकरीत मी कधी खोटे बोललो नाही असे नाही, ते वर सांगितलेच आहे. पण त्या दिवशी दाराशी उभ्या असलेल्या बाईला मी खरे तेच सांगितले. "पाहतो काकू, लागेल बहुतेक," एवढे म्हणायला मला काय झाले होते, हे मला अजून समजलेले नाही.