बरनूचा विमा

चहा गार होऊ देऊ नका, गोष्ट जरा लांबेल. हसू आलं तर खुशाल हसा, मला राग येणार नाही. मीसुद्धा सांगताना अर्ध्यापर्यंत हसतो. पुढचं अर्धं मात्र मला अजून हसत सांगता आलेलं नाही.

दोन हजार सात-आठच्या सुमाराची गोष्ट. मी सौंदडला राहून तहसील कचेरीत कारकुनी करत होतो. बावीस वर्षं झाली होती नोकरीला. कागद म्हणजे आपला प्रांत! कोणताही सरकारी फॉर्म असू द्या, मराठीतला असो की इंग्रजीतला, मी उभ्या उभ्या वाचणार आणि समजावून सांगणार. अख्खी आळी माझ्याकडे कागद घेऊन यायची. मी चष्मा पुसायचो, घसा साफ करायचो आणि सुरू!

तर अशा या विद्वानाने एक कागद वाचला. एवढंसं कार्ड होतं. त्यावर दोन तारखा.

पण आधी मायचं सांगायला हवं.

त्या पावसाळ्यात माझे वडील गेले. तेरवी झाली, पाहुणे पांगले, आणि माय बोलायची थांबली. भांडण नाही, रडणं नाही. विचारलं तर 'हूं'. ताट पुढे ठेवलं तर चार घास. दिवसभर मागच्या अंगणात वांग्याच्या वाफ्याजवळ बसून असायची. आधी सकाळ-संध्याकाळ आळीत चार घरं फिरून येणारी बाई, उंबऱ्याबाहेर पाय टाकेना. माझी बायको नंदा तिच्याशी एकटीच बोलत राहायची, भिंतीशी बोलल्यासारखी.

कचेरीत कोणीतरी म्हणालं, घरात एखादं जनावर आणा, माणूस गुंततं. मी गोंदियाला गेलो. तिथल्या एका धान्याच्या व्यापाऱ्याकडे लॅब्राडॉर कुत्रीला पिल्लं झाली होती. पन्नासेक दिवसांचं, सोनेरी रंगाचं, पोट जमिनीला टेकेल असं एक पिल्लू मी निवडलं. व्यापाऱ्याने सोबत लसीचं एक कार्ड दिलं.

"भैया, एक टीका लग गया है. आगे का टाइम पे लगवा लेना."

"बिलकुल, बिलकुल," मी म्हणालो. लक्ष होतं पिल्लाकडे, ते माझा शर्ट चावत होतं.

कार्डावर नाव लिहिलेलं होतं, ब्रूनो. पिल्लाला कापडी पिशवीत घालून मी रेल्वेने सौंदडला आलो. पिशवी मायसमोर ठेवली. पिल्लू बाहेर आलं, तिच्या पायावर चढलं आणि तिथेच त्याने मुतून घेतलं.

"काऊन आणलंस रे हे?" माय म्हणाली.

तुम्हाला सांगतो, चार महिन्यांनंतर ते पहिलं अख्खं वाक्य! नंदा स्वयंपाकघरातून धावत आली.

मायचं सुरूच, "कोन पाहीन याले? मी नाई पाहत, सांगून ठेवतो."

दोन दिवसांनी मी कचेरीतून घरी येतो तर अंगणातून आवाज. "ए बरनू! ये न गा! दूधभात खाऊन घे. नाई खात? मंग मी बी नाई खात."

ब्रूनो तिच्या तोंडात बसत नव्हतं, त्याचा झाला बरनू. बरनू खायला लागला आणि माय खायला लागली. आठवड्याभरात ती त्याला वडिलांच्या गोष्टी सांगायला लागली. मी दाराआड उभा राहून ऐकल्या. "त्यायले पेज लय आवडे, बरनू. मीठ कमी पडलं तं तोंड नाई वाकडं करत होते." आम्हाला एका शब्दानं न सांगितलेलं सगळं ती त्या कुत्र्याला सांगत होती.

तिथे मला आनंद व्हायला पाहिजे होता की नाही? मला भीती वाटली. हे पिल्लू गेलं तर? माय एकदा बसली, परत उठली. दुसऱ्यांदा बसली तर उठेल का?

आता घाबरलेला कारकून काय करेल? कागद करेल! मी ठरवलं, बरनूचा विमा काढायचा.

हसा, हसा. विमा म्हणजे नक्की काय भरून देणार होता, हे मी त्या वेळी स्वतःला विचारलं नाही.

आमच्याकडे कापगते नावाचे विम्याचे एजंट यायचे. गाई-म्हशींचे विमे काढण्यात त्यांचा हातखंडा. कुत्र्याचं ऐकून आधी त्यांना ठसका लागला. मग चौकशी करून आले. कुत्र्याचा विमा निघतो म्हणे, फक्त त्यांचे कुत्र्याचे फॉर्म संपलेत, तोवर गुरांच्या फॉर्मवर कच्चं टिपण करू.

"शिंगांचा आकार, बाबूजी?"

"शिंगं कुठली, बापा!"

"लागू नाही, लिवतो. दूध?"

"पितो."

"देते किती, थे विचारून राहिलो. वेत कितवं?"

"अहो, नर आहे तो!"

"मंग कानात बिल्ला मारा लागन. नंबराचा."

इथे आतून माय आली. हातात झाडू. "कोन मारते बिल्ला? त्याच्या कानाले हात तं लावून पाय!"

कापगत्यांनी बिल्ला रद्द केला. फोटो चालेल म्हणाले, शिवाय जनावरांच्या डॉक्टरांचा दाखला आणि लसीचं कार्ड. मग त्यांनी मला विम्याचे नियम समजावले. मुदत कधी संपते, हप्ता कधी 'ड्यू' होतो.

"आन् ड्यू तारीख हुकली तं?" मी विचारलं.

"तीस दिवसांची ग्रेस राह्यते, बाबूजी, म्हंजे सवलत. मोठ्या विम्यात तं राह्यतेच. घाबराचं काम नाई."

हे वाक्य मी डोक्यात पक्कं बसवलं. चुकीच्या जागी!

कार्ड काढून पाहिलं. इंग्रजीत दोन रकाने. एकात लस दिल्याची तारीख, दुसऱ्यात 'ड्यू' आणि तीन आठवड्यांनंतरची तारीख. मला काही कठीण गेलं नाही. वाहनाच्या परवान्यावर मुदत असते ना, तसंच हे. इंजेक्शन घेतलं, ते या तारखेपर्यंत चालणार. मग नूतनीकरण. उशीर झालाच तर महिनाभर ग्रेस आहेच!

नंदा म्हणाली, "अहो, ड्यू म्हंजे काय थे डॉक्टरले एकदा विचारून घ्या न."

"तू मला कागद शिकवतेस?" मी म्हणालो.

आणि ते कार्ड मी लॅमिनेट करून आणलं. खराब होऊ नये म्हणून! पुढच्या लसीची नोंद करायला त्यावर आता पेन चालणार नाही, हे बावीस वर्षांच्या अनुभवाला सुचलं नाही.

दाखल्यासाठी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात गेलो. डॉक्टर एका गाईचं अडलेलं वासरू मोकळं करत होते. हात कोपरापर्यंत आत. तशातही त्यांनी मान वळवून बरनूकडे पाहिलं आणि हसले.

"लसीचं काय?"

"कार्ड आहे साहेब, लॅमिनेट केलेलं!" मी दुरूनच फडकवलं.

"ड्यू तारीख लक्षात ठेवा. लसी पूर्ण होईतो बाहेर सोडू नका, दुसऱ्या कुत्र्यांत तर नाहीच."

"मुदत पाठ आहे, साहेब."

पाहिलंत? त्यांनी सगळं सांगितलं. मी सगळं ऐकलं. त्यांनी हात धुऊन बरनूला तपासलं, दाखला दिला, आणि मी विजयी मुद्रेने घरी आलो.

पुढचे तीन आठवडे मी विम्यासाठी धावलो. बरनूचा फोटो काढायला स्टुडिओत गेलो, तर तो मागच्या पडद्याला घाबरून खुर्चीखाली शिरला. शेवटी फोटोत कुत्रा कमी आणि माझी मांडीच जास्त आली. कंपनीने तो परत पाठवला. दुसरा काढला. खरा फॉर्म आला, भरला, गोंदियाला गेला. यात ती ड्यू तारीख निघून गेली. मला माहीत होतं ती गेल्याचं! कॅलेंडरवर खूण होती. मी मनात म्हटलं, ग्रेस चालू आहे.

एका सकाळी माय नवं लुगडं नेसून दारात उभी. बरनूच्या गळ्यात तिने सुतळी बांधलेली.

"आळीत जाऊन येतो म्हनतो. सगळ्या बाया विचारून राहिल्या, तुहा बरनू दाखव म्हनून. नेऊ का याले? काही होनार तं नाई?"

मी दाढी करत होतो. आरशातूनच म्हणालो, "ने माय, बिनधास्त ने. त्याचे सगळे कागद झालेत."

ती गेली. वडील गेल्यानंतर पहिल्यांदा घराबाहेर. मी खिडकीतून पाहत राहिलो. पुढे बरनू ओढतोय, मागे माय त्याला रागावत चाललीय. नंदाचे डोळे भरून आले होते. माझेही, खोटं कशाला बोलू? मग ते रोजचंच झालं. आळीतली चारही घरं, शाळेचं मैदान, पाणवठ्याजवळची उनाड कुत्री, सगळ्यांशी बरनूची ओळख झाली.

आठवड्याभराने कापगते पॉलिसी घेऊन आले. गोल शिक्का, झोकदार सही. मी हाक मारली, "माय, हे पाय! बरनूचा विमा आला!"

ती वर पाहीना. "त्यानं सकाळपासून काही खाल्लं नाई रे," म्हणाली. "ओकून राहिला."

संध्याकाळपर्यंत रक्ताचे जुलाब सुरू झाले. त्याला गोधडीत गुंडाळून डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पोट चाचपलं, जिभेचा रंग पाहिला आणि हात पुढे केला. "कार्ड."

मी लॅमिनेट केलेलं कार्ड दिलं. त्यांनी ते उलटसुलट केलं.

"पुढचं इंजेक्शन कुठं आहे?"

"पुढचं म्हणजे... हे ड्यू आहे ना साहेब, इथपर्यंत चालतं..."

"ड्यू म्हणजे त्या तारखेला दुसरं द्यायचं. एकानं काही होत नाही, दोन-तीन लागतात."

"पण ग्रेस?"

"कसली ग्रेस?"

"तीस दिवस. विम्यावाल्यानं सांगितलं."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. हळूच म्हणाले, "विम्याचं सांगितलं असेल त्यानं, बाबूजी." आणि सलाईनची बाटली काढायला वळले.

तीन दिवस आम्ही सकाळ-संध्याकाळ सलाईनला नेत होतो. घरी माय त्याच्या तोंडात चमच्याने पेज सोडायची, ती तशीच बाहेर यायची. कपड्याने पुसायची, परत चमचा भरायची. चौथ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास तिने चमचा खाली ठेवला. मी कचेरीत जायला निघालो होतो, बूट घालत होतो. तिने ठेवलेल्या चमच्याचा आवाज ऐकूनच मला कळलं.

मागे वांग्याच्या वाफ्यापलीकडे मी खड्डा खणला. तिने आपल्या जुन्या लुगड्यात गुंडाळून त्याला आणलं. माती लोटून झाल्यावर मी तिला सगळं सांगितलं. कार्ड, ड्यू, ग्रेस, काही लपवलं नाही. वाटलं, शिव्या घालेल. घालायला हव्या होत्या.

ती एवढंच म्हणाली, "मी तुले विचारलं होतं."

आणि वाफ्याजवळ जाऊन बसली. पुन्हा 'हूं'. पुन्हा चार घास. नंदा माझ्याशी बोलायची, पण कामापुरतं. आळीतले लोक कागद घेऊन आले की मी डोकं दुखतं म्हणून सांगायचो.

पंधरा दिवसांनी कापगते दाव्याचा फॉर्म घेऊन आले. बिचारे खरंच हळहळले. मी म्हटलं, मला काही नको. तर म्हणाले, "फाईल बंद कराले बी फॉर्म लागते, बाबूजी."

भरायला बसलो. नाव, वय, रंग. मग आलं, 'मृत्यूचे कारण'. मी रोगाचं नाव लिहायला पेन टेकवलं आणि परत उचललं. रोगाने मारलं होय? शेवटी लिहिलं, 'मालकाला वाचता येत नाही.' सही केली आणि फॉर्म देऊन टाकला. मनाला जरा बरं वाटलं.

दहा दिवसांनी कापगते परत दारात. तोच फॉर्म, वर पिन लावलेली चिठ्ठी. ते नुसते घाम पुसत उभे. अंगणातून मायने विचारलं, "काय लिवलं हाय?"

मी मोठ्याने वाचून दाखवलं: "मालक निरक्षर असल्याचे फॉर्ममध्ये नमूद आहे. सबब त्यांची सही ग्राह्य धरता येत नाही. सहीच्या जागी डाव्या हाताचा अंगठा व एका साक्षीदाराची निशाणी घेऊन फॉर्म फेर सादर करावा."

मग माय हसली. पदर तोंडाला लावून हसली, हसता हसता तिचे खांदे हलायला लागले, आणि ते हसणं कधी रडणं झालं, मला कळलं नाही. वडील गेले तेव्हाही ती अशी रडली नव्हती. नंदाने तिला धरलं. बऱ्याच वेळाने डोळे पुसून ती आपणहून आमच्यापाशी येऊन बसली आणि म्हणाली, "आन थे शाई. साक्षीदार मी बनतो."

मी कपाटातून शाईचं पॅड काढलं. आधी माझा अंगठा दाबला, मग तिचा; तिला सही कधी येतच नव्हती.

फॉर्मवर ते दोन ठसे शेजारी शेजारी उमटले. कापगत्यांनी कागद उजेडाकडे धरला, निरखून पाहिला आणि अगदी निरागसपणे मला विचारलं, "बाबूजी, याच्यातला अनपढ मानसाचा कोनता म्हनून लिवू?"

मी माझ्या अंगठ्यावर बोट ठेवलं.