ब्रेकबाई आणि वामींची चढण

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवणाऱ्या त्या बाईंना तोंडावर सगळे 'मॅडम' म्हणत आणि पाठ फिरली की 'ब्रेकबाई'. आवाजच तसा होता. त्यांनी "ब्रेक!" म्हणून आरोळी ठोकली की शेजारच्या गल्लीतला सायकलवालासुद्धा पाय टेकून उभा राहायचा. वय पन्नाशीच्या पुढे, अंगाने भरलेल्या, आणि चष्मा सतत नाकावरून घसरलेला. नवरा चष्म्याच्याच दुकानात कामाला. पण बायकोच्या चष्म्याचा सैल स्क्रू आवळायला त्याला कधी सवड झाली नव्हती. बाईंनी अर्ध्या गावाला गाडी शिकवली होती. रोज कितीदा तरी त्या ओढ्यावरच्या छोट्या पुलावरून जायच्या, पण खाली वाकून पाणी म्हणून कधी पाहिलं नव्हतं. "पाहिलं असतं तर समोरच्याला ठोकलं असतं," असं त्यांचं म्हणणं.

ते पाणी पाहायची वेळ आणली त्यांच्या नणंदेने.

नणंद म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. बाजाराच्या रस्त्यावर तिचं पार्लर. साठीला टेकल्यावर तिच्या मनाने घेतलं की आता गाडी शिकायचीच. घरच्या माणसाला शिकवणं म्हणजे काय असतं ते शिकवणाऱ्यालाच ठाऊक. बाईंनी "डावीकडे घ्या, ताई" म्हटलं की ताई आधी "का?" विचारायच्या.

एका रविवारी सकाळी ओढ्याकाठच्या रस्त्यावर वळण घेताना बाईंचा चष्मा घसरला आणि पायाशी पडला. त्या तो शोधायला वाकल्या. शिकवणाऱ्याच्या पायाशी वेगळा ब्रेक असतो, पण तिथे त्या क्षणी पाय नव्हता, डोकं होतं. ताईंनी तेवढ्यात नको ते पेडल दाबलं. गाडी गवतावरून, अगदी सावकाश, एखादी म्हैस पाण्यात शिरावी तशी ओढ्यात शिरली आणि नाक बुडवून उभी राहिली.

"थांबली बघ," ताई म्हणाल्या.

बाईंनी चष्मा चढवून बाहेर पाहिलं. पाणी गुडघाभर. आणि समोर गमबूट घातलेली आठ-दहा माणसं, हातात जाळ्या आणि पांढरे ट्रे, तोंडं उघडी टाकून उभी.

ती माणसं दर रविवारी ओढ्यातला कचरा काढायची आणि पाण्यात कोण कोण राहतं ते पाहायची. त्यांची पुढारी होती एक तिशीची मुलगी. खेकड्यांवर पीएचडी केलेली, म्हणून सगळे तिला खेकडा-डॉक्टर म्हणत. सगळ्यांनी मिळून गाडी ओढून वर काढली, तेल सांडलं नाही ना ते तपासलं, आणि मग डॉक्टर कमरेवर हात ठेवून हसायलाच लागली.

"मॅडम, एवढा मोठा ओढा! नेमक्या आमच्या किड्यांच्या अंगणात पार्किंग केलंत!"

"चुकलं हो," बाई ओशाळून म्हणाल्या. "भरपाई काय द्यायची?"

"पुढच्या रविवारी दोघी या. कामाला."

दोघी गेल्या त्या निव्वळ लाजेखातर. ताई तर वाटेत म्हणत होत्या, "अर्धा तास थांबायचं नि माझी कंबर दुखतेय सांगून निघायचं." पण डॉक्टरने ओढ्यातला एक दगड उचलून ट्रेमध्ये धुतला आणि ट्रे बाईंच्या हातात दिला. बाईंना आधी नुसता गाळ दिसला. मग गाळ चालायला लागला.

"अगंबाई!"

नखाएवढी काचेसारखी कोळंबी उलटी पळत होती. एका अळीने बारीक खडे चिकटवून स्वतःपुरती नळी बांधली होती आणि ती घर ओढत निघाली होती. चतुराचं पिल्लू डोळे वटारून बसलं होतं. पंख फुटायच्या आधी ते पाण्यात राहतं, हे बाईंना तेव्हा कळलं. ट्रे हातात धरून त्या इतका वेळ ओणव्या राहिल्या की शेवटी ताईंनाच म्हणावं लागलं, "अगं, माझी कंबर दुखायची होती, तुझी नाही!"

त्या दिवसापासून बाईंच्या डोक्यात जे वारं शिरलं ते शिरलं. शिकाऊ लोकांना त्या आता फक्त ओढ्याकाठच्या रस्त्यानेच न्यायला लागल्या. "गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद, खाली उतरा, तो दगड उलटा करा." एका बँकेतल्या साहेबांनी तक्रार केली की रिव्हर्स शिकायला आलो आणि गोगलगायी शिकून चाललो. घरी नवऱ्याच्या ताटाशेजारी बरणीत शेवाळ आलं. ते पाहून त्याने मुकाट्याने ताट उचललं आणि दुसऱ्या खोलीत जाऊन जेवला.

ओहोटीच्या एका सकाळी डॉक्टरने सगळ्यांना ओढ्याच्या मुखाशी नेलं. गावाच्या टोकाला तो समुद्राला मिळायचा. तिथल्या उथळ पाण्यात तिने जाळी फिरवली आणि ट्रेमध्ये रिकामी केली. ट्रेमध्ये काहीच नव्हतं. फक्त काळे ठिपके, जोडीजोडीने पोहणारे.

"हे नुसते डोळे पोहतायत की काय?" ताई दचकून म्हणाल्या.

"वामींची पिल्लं. वाम म्हणजे तो सापासारखा लांबुळका मासा," डॉक्टर म्हणाली. "अंग पारदर्शक, म्हणून डोळेच दिसतात. खोल समुद्रात जन्मतात, प्रवाहाबरोबर वाहत किनाऱ्याला लागतात, आणि मग गोड्या पाण्यात शिरून वर वर जातात. मोठं व्हायला."

"एकटी? आईबाप नाहीत बरोबर?"

"कुणी नाही. नकाशाही नाही."

बाईंना भरून आलं. दोऱ्यासारखा जीव आणि एवढा प्रवास! "मग आपल्या ओढ्यात वर कुठवर जातात?"

"कुठेच नाही," डॉक्टर म्हणाली. "पुलाखाली सिमेंटची पायरी आहे ना, तिथे अडतात. पिल्लांना ओल्या खडबडीत दगडावरून चढता येतं. पण ती पायरी गुळगुळीत आहे, आणि वर ओठासारखी पुढे आलेली. पाणी सरळ खाली पडतं. लटकायला काही नाही."

बाई ताडकन उभ्या राहिल्या. "म्हणजे माझ्या पुलाखाली ट्रॅफिक जॅम आहे, आणि मला आज कळतंय?"

उपाय डॉक्टरला माहीत होता. पायरीवरून खाली काथ्याचे जाड, केसाळ दोर सोडायचे; ओल्या दोराला धरून पिल्लं वर सरकतात. नगरपालिकेची परवानगीही तिने मिळवून ठेवली होती. फक्त नुसता दोर पाण्याच्या जोराने एका बाजूला सरकायचा आणि ताणला जाऊन गुळगुळीत व्हायचा. दोनदा लावला, दोनदा तेच झालं. सगळे पुलाखाली डोकं खाजवत उभे राहिले.

ताई मात्र दोराकडे वेगळ्याच नजरेने बघत होत्या. "वेणी घाला की," त्या म्हणाल्या.

"काय?"

"एकेरी केस सुटे सोडले तर उडणारच. वेणी घातली की जागच्या जागी राहतात. आणि पेडांमध्ये फटी राहतात, पिल्लांना हातपाय टेकायला."

"ताई, त्यांना हातपाय नसतात."

"मग पोट टेकायला. आणा इकडे."

त्या दुपारी पार्लर गिऱ्हाइकांना बंद राहिलं. आत आरशांसमोरच्या तीन खुर्च्यांना तीन दोर बांधून गमबूटवाली मंडळी वेण्या घालत होती आणि ताई मागून फिरत ओरडत होत्या, "घट्ट! घट्ट! लग्नाला जायचंय तिला!" डॉक्टरच्या वेणीला गाठ बसली तेव्हा त्यांनी तिच्या टाळक्यात कंगवा मारला. हसून हसून सगळ्यांच्या पोटात दुखायला लागलं, आणि काथ्याचा भुसा नाकात जाऊन शिंकांची नुसती लड लागली.

वेण्या लागल्या. खाली दगड बांधून पक्क्या केल्या. मग वाट पाहणं आलं. पुढचा रविवार कोरडा गेला. त्याच्या पुढचाही. बाई रोज सकाळी पहिल्या शिकाऊ माणसाला गाडीत बसवून ठेवून पुलाखाली डोकावायच्या आणि तोंड पाडून परत यायच्या. "वेणी आवडली नसेल," ताई हिरमुसून म्हणायच्या.

मग एक ढगाळ सकाळ उजाडली. पुलाखाली अंधारल्यासारखं झालं होतं. त्या दिवशी ताईही बरोबर होत्या, आणि पुढे त्याच. त्या एकदम किंचाळल्या, "साप! सापाची पिल्लं!" आणि पाण्यातून उलट्या धावत सुटल्या. बाई त्यांना ओलांडून पुढे धावल्या, सिमेंटवर सपशेल पोटावर आडव्या झाल्या, आणि चष्मा एका हाताने दाबून धरत वेणीजवळ नाक नेलं.

वेणीच्या पेडांमधून दोऱ्याएवढे जीव वळवळत वर येत होते. एक पेडात शिरायचा, दम खायचा, शेपूट हलवायचा, वरच्या पेडात शिरायचा. एकाच्या मागे दुसरा, दुसऱ्याच्या मागे तिसरा. एक घसरून खालच्या दोघांच्या अंगावर पडला आणि तिघं मिळून पुन्हा निघाले.

"चला! चला रे! वर जागा आहे! घाबरायचं नाही, चढाला पहिला गिअर!" बाई ओरडत होत्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडातून हसू. पहिला वीर पायरीच्या ओठावरून वरच्या पाण्यात टुपकन सरकला, तेव्हा त्यांनी उठून दोन्ही हात वर करून उडी मारली आणि सरळ ओढ्यात बसल्या. ताईंनी उचलायला हात दिला, बाईंनी तो ओढला, ताईही बसल्या. मग दोघी नणंद-भावजया कमरेइतक्या पाण्यात बसून एकमेकींच्या अंगावर पाणी उडवत राहिल्या. वरच्या गाडीतला शिकाऊ माणूस कठड्यावरून वाकून विचारत होता, "मॅडम, आज क्लास आहे की नाही?"

"आहे! खाली या! हाच क्लास!"

निरोप मिळताच डॉक्टर धावत आली, तिने वेणी पाहिली, आणि एवढी पीएचडी झालेली मुलगी तोंडावर हात दाबून नुसती "आई गं, आई गं" करत राहिली.

त्यानंतर काही महिन्यांनी, पुलाच्या बऱ्याच वर, बस डेपोच्या मागे बाईंनी एक दगड उचलला आणि जाळीत बोटभर लांबीची एक वाम आली. आता ती पारदर्शक नव्हती. चांगली तपकिरी, तुकतुकीत, पोटाशी पिवळसर. बाईंनी श्वास रोखून ती ट्रेमध्ये सोडली. नवराही त्या दिवशी आला होता, उसने गमबूट घालून. तो वाकून म्हणाला, "चेहरा जरा ताईसारखा आहे."

"ऐकलं हं मी!" पलीकडून ताई.

"ही किती दिवस राहणार इथे?" बाईंनी विचारलं.

"वर्षानुवर्षं," डॉक्टर म्हणाली. "पूर्ण वाढली की मग परत समुद्रात जाईल, अंडी घालायला. तोवर तुम्ही चांगल्या म्हाताऱ्या झाला असाल."

बाईंनी ट्रे पाण्यात तिरका केला. वाम क्षणभर काठाशी रेंगाळली, मग दगडाखाली शिरली आणि शेपटाचं टोकही आत ओढून घेतलं.

"झाले तर झाले," बाई म्हणाल्या, आणि बाह्या सरसावून पुढचा दगड उचलायला वाकल्या. "हिची बहीण कुठे आहे ते बघू आधी."