राग हिंदीत, लाड मराठीत

भिलाईत असा माणूस सापडणार नाही, ज्याच्या मनातलं माझ्या मोठ्या नणंदेनं त्याच्याच तोंडावर त्याला सांगितलेलं नाही. भाजीवाला वांगी जोरात आपटू लागला की ताई विचारणार, "कावून रे, घरून भांडून आलास का?" एका लग्नात पाठवणीच्या वेळी सगळे रडत असताना तिनं नवरीच्या बापाला म्हटलं, "सुटल्यासारखं वाटून राहिलं ना भाऊ? वाटू दे." तो बिचारा हसला, आणि ते हसू त्याची बायको अजून विसरलेली नाही. बालवाडीतून निवृत्त झाल्यापासून तर रविवारी विहारात वंदना संपली की ताई हट्टी, मारकुट्या पोरांच्या आईबापांना थांबवून घेते. पोरं बाहेर खेळतात, तपासणी आईबापांची होते. पोरगं किंचाळलं की आपल्या पोटात काय होतं, हे प्रत्येकानं सांगायचं. प्लांटमध्ये क्रेन चालवणारा एक दांडगा गडी तिथे म्हणाला की खाली वितळलेलं लोखंड असलं तरी त्याचा हात हलत नाही, पण लेक दुकानात लोळण घेते तेव्हा पाय लटपटतात. त्यानं उपाय विचारला. ताई म्हणाली, "आधी चहा घे. पाय लटपटू दे."

मला हे सगळं वेळखाऊ वाटायचं. मी कामं यादी करून उरकणारी बाई. पण आमची उशिरा झालेली मिनू कोणत्याच यादीत बसत नव्हती. पाच वर्षांची पोर चावायची. नेहरू नगरच्या शाळेत ती तिथल्या आयाला तीनदा चावली, तेव्हा मोठ्या मॅडमनी बजावलं, "एक बार और, तो नाम कट जाएगा." भर वर्षात चावऱ्या मुलीला दुसरी कोणती शाळा घेणार? मी न चावलेल्या दिवसांच्या चांदण्या फ्रिजवर चिकटवल्या, टीव्ही बंद केला, समजावलं, दटावलं. तिची वेणी घालतानाही माझं लक्ष तिच्या दातांकडे असायचं.

शेवटी ताईला बोलावलं. ती आली आणि मिनूकडे न बघता संध्याकाळभर आमच्याकडेच बघत बसली. जेवताना मी म्हणत होते, "बेटा, दूध पी लो. मेरी रानी है ना." पेला कलंडला. "कार्टे, सांडलंस ना शेवटी!" मिनू टेबलाखाली गेली.

"तू तिच्याशी मराठी कधी बोलतेस?" ताईनं विचारलं.

"घरी मराठीच तर बोलतो आम्ही."

"तुम्ही दोघं बोलता. तिच्याशी कधी?"

मी सांडलेलं दूध पुसू लागले. माझे यजमान ताटात बघत म्हणाले, "रागावतानाच."

आमच्या अख्ख्या कॉलनीची हीच रीत. पोरं हिंदीत वाढतात, म्हणून लाड हिंदीत. डोकं फिरलं की मराठी आपोआप बाहेर येते. शाळेतली आया भिलाई-३ वस्तीतली, मूळ नागपूरकडची. आमचं आडनाव पाहून तिला माया वाटली, म्हणून ती एकट्या मिनूशी मुद्दाम मराठीत बोलायची.

"ते बिचारी लाडानं बोलते," ताई म्हणाली, "आन हिले वाटते आता मार बसते. पोरगी चावरी नाही, भ्यायलेली हाय. आता राग हिंदीत करा, लाड मराठीत. आन तिले भेव वाटलं तर तिच्यासमोर त्या भेवाचं नाव घ्या."

यजमान मिनूला म्हणाले, "हम तुमसे बहुत नाराज़ हैं." ते इतकं बातम्यांसारखं झालं की ती हसत सुटली. माझी अडचण उलटी होती. "माझी बाय ती" एवढं म्हणताना जीभ जड व्हायची. म्हटलं की मिनू अंग चोरायची. मग मी विचारायचे, "भेव वाटलं का तुले?" ती टेबलाखाली जायची. मिनूला घरीच ठेवून तसाच आठवडा गेला, आणि सोमवारी शाळेत जायचंच होतं.

फाटकापाशी आया उभी होती, मनगटावर पट्टी. मागे मोठ्या मॅडम. "आली माझी मैना," आया म्हणाली आणि तिनं हात पुढे केला. मिनूचा जबडा घट्ट झाला. मी ओरडणार, तेवढ्यात सोबत आलेल्या ताईनं माझाच हात धरला.

मिनू त्या हाताकडे बघत राहिली. मग अडखळत म्हणाली, "मले... भेव लागते."

आया खाली बसली. "मलेबी लागते वं बाई, तुह्या दाताचं."

मिनूनं तिचं एक बोट धरलं. दोघी आत गेल्या. मॅडम बाजूला झाल्या.

आतून रडण्याचा आवाज येतो का, ते ऐकत आम्ही बाहेरच उभ्या राहिलो. आला नाही. ताईचा मुलगा पुण्याला असतो आणि आईशी फोनवर फक्त हिंदीत बोलतो. आम्ही ती त्याची ऐट समजत आलो होतो.

"माह्या पोराचंबी असंच झालं असंल," ताई म्हणाली. "दिवसभर दुसऱ्याची पोरं सांभाळून घरी याची मी. आन थकलेली बाई मराठीतच बोलते."