राउटरच्या दोन मुठी

मंडळी, लाकडाच्या कडा गोल करायचं राउटर मशीन आज मानोऱ्याच्या आमच्या दुकानात टेबलाखाली उलटं बसवलं. बाबांचे हात आता थरथरतात. मशीन हातात धरणं बंद, हे मीच ठरवलं.

टेबलाखाली मशीन वर-खाली करणाऱ्या लिफ्टच्या कड्यात नुसती मोटर बसते, म्हणून मुठींसकट खालचा भाग काढून टाकला. मोटर कड्यात घट्ट आवळली. वरून चावी फिरवली तर लाकूड कापणारं बिट बरोबर वर आलं.

म्हटलं, "बाबा, तुमी फक्त उंची सांगा. लाकूड मी सरकवतो."

त्यांनी त्या झिजलेल्या मुठी उचलल्या. "मंग मी काय धरू?"

तवा मले त्याचं काहीच वाटलं नाही. नट आवळायचे पाने पुसले, भुसा झाडला.

घरी आलो. मुठी अजून त्यांच्याच हातात हायेत. तुमी काय उत्तर देलं असतं?