जाऊबाईंची काकवी

सुनेनं आज काकवीची बाटली उघडली आणि त्या वासानं मला लग्नानंतरचं पहिलं वर्ष आठवलं. गुऱ्हाळावरून आणलेला उसाचा रस आम्ही परड्यात चुलीवर सकाळपासून आटवत होतो. मळी काढून काढून माझे हात भरून आले होते. नव्या नवरीला सांगायची सोय नव्हती.

थोरल्या जाऊबाईंनी माझ्या हातातला झारा काढून घेतला. "बस जा सावलीला. मी हलवतो."

"सासूबाई बघतील की."

"बघू देत. दमल्यावर बसावं माणसानं."

मी भिंतीला टेकले आणि तिथंच झोपले. उठले तेव्हा काकवी उतरवून झाली होती. जाऊबाई वाकून कढई घासत होत्या. ही बाई दमतच नाही, असं तेव्हा वाटलं. आता माझेच गुडघे बोलतात, तेव्हा कळतं, त्यांना 'बस' म्हणणारं त्या घरात कुणीच नव्हतं.