पत्रकात माहेर नव्हतं

आमच्या संस्थेच्या पत्रकात सगळं होतं. गरोदरपणी एचआयव्हीची तपासणी करा, गोळ्या रोज घ्या, बाळंतपण दवाखान्यातच करा, बाळाला जन्मल्यावर लगेच औषध द्या. आईचा संसर्ग बाळाला होण्याचा धोका अगदी कमी होतो. बोईसरच्या चाळीचाळींतून मी हे ओरडून सांगितलं. पण पहिलं बाळंतपण माहेरी होतं, हे लिहिणाऱ्यांच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

तपासणीत संसर्ग असल्याचं कळलेली ती विशीतली मुलगी गोळ्या नेमाने घ्यायची. सातव्या महिन्यात ओटी भरून आई तिला सातपाटीला घेऊन गेली. पुढच्या गोळ्या न्यायला ती दवाखान्यातल्या केंद्रावर आली नाही, म्हणून मी तिच्या खोलीवर गेले. नवरा कारखान्यातली पाळी संपवून आलेला. त्याने तांदळाच्या डब्यातून गोळ्यांची बाटली काढली. "आईला दिसली तर, म्हणून ठेवून गेली." म्हणजे याला माहीत होतं आणि हा गप्प बसला होता! डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, आजच सुरू करायला सांगा.

बाटली घेऊन मी सातपाटीला गेले, तर तिची आई बोंबील वाळत घालत होती. "कशाच्या गोल्या गो?"

"रक्तवाढीच्या."

'लाज कसली, उघड बोला' असं सभेत बजावणारी मी. पण गुपित तिचं होतं, माझं नव्हतं.

"आमी काय हिला उपाशी ठेवतो? रोज म्हावरं खाते! तुजं लगीन झालं का नाय? दुसऱ्यांची पोटं बगत फिरतेस ती!"

मुलगी मान खाली घालून हसली. बाटली मात्र तिने घट्ट धरली.

माझ्या खोलीवर परतले तर सोबतिणीने विचारलं, "कुठे होतीस दिवसभर?"

"मीटिंग." आमच्या कामात घरी येऊन सांगण्यासारखं काही उरत नाही.

बाळंतपण दवाखान्यात झालं, बाळाला औषध मिळालं. दीड महिन्याने पहिली तपासणी निगेटिव्ह आली; पुढच्या अजून बाकी होत्या. केंद्राच्या पायरीवर ती बाळाला छातीशी धरून रडली. मीही. मग पदराने नाक पुसत म्हणाली, "ताई, रविवारी बारसं हाय. तुमी येऊ नका. कोन, कुठल्या, विचारतील सगले."

"नाही येत."

बाळाचं नाव मला पुढच्या तपासणीच्या कागदावर कळलं.