ओळीनं वाचायचं शास्त्र

त्या वर्षी मी इतकी थकले होते की उपासनेत मिटलेले डोळे प्रार्थनेसाठी मिटलेत की झोपेसाठी, हे माझं मलाच कळत नसे. भिलाईचा कारखाना उभा राहत होता. आम्हाला सेक्टर दोनमध्ये क्वार्टर मिळालं होतं. भिंती कोऱ्या, अंगणात नावाला झाड नाही, आणि रस्त्यावरचा तांबडा मुरूम कितीही झाडला तरी शिजल्या भातावर येऊन बसायचा. धाकटी अंगावर पीत होती, थोरली पदर सोडत नव्हती. यजमानांची शिफ्ट सारखी बदलायची, त्यामुळे घरात कोणाच्या ना कोणाच्या जेवणाची वेळ नेहमी झालेलीच असायची.

यजमान मूळचे नागपूरकडचे, रेल्वेत पुलांच्या कामावर खलासी होते. इथे त्यांना रिगर म्हणत. लोखंडाचे गर्डर दोरखंडांनी उंचावर चढवायचे आणि तिथेच उभं राहून जागी बसवायचे, हे काम. उंचीची भीती त्यांना कधी शिवलीच नव्हती. आम्हा दोघांत भित्री मीच.

एका दुपारी त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या जोडीदाराचा पाय निसटला. रेल्वेपासूनची त्यांची जोडी होती. त्याला माती देऊन हे घरी आले, बूट काढून कोपऱ्यात ठेवले आणि दुसऱ्या दिवशी घातलेच नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. रडले नाहीत, बोलले नाहीत. ताटातले दोन घास खाऊन ताट सरकवायचे आणि छताकडे बघत पडून राहायचे.

फक्त सकाळी एक गोष्ट करायचे. डोळे मिटून शास्त्र, म्हणजे आमचं बायबल, उघडायचे आणि पानावर बोट ठेवायचे. बोटाखाली येईल ते वचन म्हणजे देवाचं उत्तर. वर चढू की नको, एवढंच त्यांना विचारायचं होतं. आम्हा ख्रिस्ती लोकांत ही खोड जुनीच. पाळक नाक मुरडायचे, पण सोयरीक जमवताना, गाव सोडताना लोक गुपचूप बोट ठेवायचेच. भिलाईला येण्याआधीही यांनी ठेवलं होतं. बोटाखाली कुठल्याशा देशाचं नाव आलं आणि आम्ही बिऱ्हाड बांधलं. निदान मी रागात असले की असंच सांगत असे.

आता मात्र बोट भलतीकडेच पडत होतं. कधी निवासमंडपाच्या पडद्यांची लांबी-रुंदी, कधी अमक्याचे मुलगे तमके, कधी कोडाचे नियम. एका सकाळी बोट कोणाच्या तरी पडण्यावरच पडलं. यांचा चेहरा असा पांढरा झाला की मी शास्त्र हातातून ओढून घेतलं.

"काय कराल ह्याचं?" मी ओरडले. "पोरी उपाशी ठेवायच्या का बोटापायी?"

त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

शेजारच्या बाईचा नवरा यांच्याच कामावर होता. भंडाऱ्याकडचं शेतकरी कुटुंब, माणसं चांगली. ती दारात उभी राहून हलक्या आवाजात म्हणाली, "बाई, भाऊजी कामावर काहून जाऊन नाही राहिले? सोमवारपर्यंत नाही आले तं नाव कापतीन म्हनते." मग थोडी घुटमळली. "तुमच्या पोथीत काही निंगालं का?"

काय सांगणार तिला? नाव कापलं म्हणजे क्वार्टरही गेलं. रेल्वेतली जागा कधीच भरली होती. परत जावं तर कुठे आणि राहावं तर कशावर?

त्यात नागपूरहून सासूबाई आलेल्या. इकडे जिकडे तिकडे तांदूळ, म्हणून येताना त्यांनी ज्वारीचं पीठ बांधून आणलं होतं. त्यांची नजर अधू झाली होती. रोज संध्याकाळी त्या मला शास्त्राचा एक अध्याय मोठ्याने वाचायला लावायच्या, आणि तोही ओळीनं, काल जिथे थांबलो तिथून पुढे. कंटाळवाणी वंशावळ आली तरी गाळायची नाही. "नावं सोडू नको," म्हणायच्या, "तेही कोनाचे लेकरंच होते." मला मनातून त्यांचा राग यायचा. दिवसभर राबल्यावर हजारो वर्षांपूर्वी मेलेल्यांची नावं वाचायला कोणाला आवडेल?

मुलाचं बोट ठेवणं त्यांनी दोन-चार दिवस पाहिलं आणि मग तोंड सोडलं. "शास्त्र हाये का पोपटवाल्याची चिठ्ठी हाये? पेरलेलं बी रोज उकरून पाह्यलं तं उगवन का रे?"



शनिवारी संध्याकाळी मी वाचायला बसले. राजांच्या गोष्टी चालू होत्या. आदल्या दिवशीच्या अध्यायात एका संदेष्ट्याने साऱ्या राज्यासमोर उभं राहून आभाळातून अग्नी उतरवला होता. कोणाला म्हणून भ्याला नव्हता. आज तोच माणूस जीव घेऊन रानात पळाला होता. एका झुडपाखाली बसून देवाला म्हणत होता की आता पुरे झालं, मला मरू दे.

मी वाचता वाचता तिथेच थांबले. ते वाक्य माझंही होतं. रोज नळाखाली बादली लावताना मी तेच म्हणत होते, फक्त कोणाला ऐकू जात नव्हतं.

सासूबाई म्हणाल्या, "वाच नं वं पुढं."

मी वाचलं. तो तिथेच झोपी गेला. देवदूताने येऊन त्याला हलवून उठवलं. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर होती आणि पाण्याचं भांडं. तो जेवला आणि पुन्हा झोपला.

खाटेवर हालचाल झाली. "पुन्हा झोपला?" इतक्या दिवसांत हे पहिल्यांदा बोलत होते.

"हो."

"अन् दूत काही बोलला नाही? कामाचं?"

मी पुढची ओळ पाहिली. "काम नंतर आहे. दूत त्याला दुसऱ्यांदा उठवून म्हणतो, खा, तुझी वाट लांब आहे."

"हा कालचाच का? आगवाला?"

"हाव, तोच," सासूबाई म्हणाल्या. "काल वाचलं नसतं तं आज कसा वळखला असता त्याले?"

हे उठून बसले. जेवायला वाढ म्हणाले. ताट पुसून जेवले आणि आडवे झाले ते रविवारभर झोपले. मला आनंद झाला, नाही असं नाही. पण खरं सांगायचं तर हेवाही वाटला. शास्त्रातली भाकर देवदूताने आणली होती. आमच्या घरातली भाजणार होते मी. रविवारी रात्री मी सोमवारची काळजी करायलाही जागी राहू शकले नाही.

आता नातवंडं विचारतात, आजी, इतक्या जुन्या पुस्तकावर भरवसा कसा ठेवायचा? मी म्हणते, त्याला काही विचारू नका, त्याच्यासोबत राहा. रोज थोडं, ओळीनं, कंटाळा आला तरी. आपली गत झालेला माणूस त्यात कधी ना कधी भेटतो, आणि देव त्याच्याशी कसा वागला ते कळतं. याहून मोठं शहाणपण मला कुठे मिळालं नाही.

त्या सोमवारी जाग आली ती करपल्या ज्वारीच्या वासाने. मी दचकून उठले, तर उशाशी ताटलीत भाकर. जाड, कडा काळ्या, आकार कशाचाच नाही. शेजारी तांब्याभर पाणी. हे सिगडीपुढे उकिडवे बसलेले, कोपरापर्यंत पीठ आणि पायात बूट. धाकटी सासूबाईंच्या मांडीवर गप्प होती. मला पाहून सासूबाईंनी तोंड फिरवलं, पण त्या हसत होत्या.

"खा," हे म्हणाले. "अन् पुन्हा झोप. पानी भरून ठेवलं मी."

"वर चढाल?"

त्यांनी हात झटकले. "मले नाही मालूम. कारखान्याच्या फाटकापर्यंत तं जातो."

ते गेले. दार ओढून घेतल्याचा आवाज आला. भाकर मध्ये कच्ची होती. मी ती सगळी खाल्ली, पाणी प्याले आणि पुन्हा झोपले.